लॅमिंग्टन रोड : संगणक जुळवणारी पेठ

गेमिंगचा संगणक तयार घ्यावा की सुटे भाग निवडून जुळवून घ्यावा? मुंबईच्या या रस्त्यावर एक फेरफटका मारला, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते.

सोने घ्यायचे तर झवेरी बाजार, कापड घ्यायचे तर मंगळदास मार्केट आणि संगणक घ्यायचा तर लॅमिंग्टन रोड! मुंबईकरांच्या मनात हे गणित पक्के बसलेले आहे. पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे थोडे चालले की हा रस्ता लागतो. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्यापासून खोकी वाहणाऱ्या हमालापर्यंत सारे जण अजूनही १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्याच नावाने तो ओळखतात.

पडद्याकडून पडद्याकडे

एके काळी हा रस्ता प्रसिद्ध होता तो सिनेमासाठी. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, स्वस्तिक अशी चित्रपटगृहे येथे होती. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मिनर्व्हात 'शोले' लागला आणि वर्षानुवर्षे हलला नाही. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. त्याच काळात आजूबाजूच्या छोट्या गाळ्यांत रेडिओ, ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर यांचे सुटे भाग विकले जात. सोल्डरिंगची कला जाणणारे हात इथे आधीपासूनच होते. संगणक आला, तेव्हा त्याला इथे जागा शोधावी लागली नाही.

संगणकाचे सुटे भाग बाजारात मिळू लागले, यामागे एक कारण आहे. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो बव्हंशी इतर कंपन्यांकडून घेतलेल्या तयार भागांतून. त्यामुळे तसाच संगणक जुळवणे दुसऱ्यांनाही शक्य झाले. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठ्याचा डबा यांची एटीएक्स नावाची ठरावीक मापे आखली. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटात आजही बिनबोभाट बसतो, तो यामुळे. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट सोपी केली आणि 'असेंबल्ड' हा शब्द मध्यमवर्गीय घराघरांत रुळला.

बाबा, मुलगा आणि यादी

दहावी-बारावीच्या निकालानंतर आणि दिवाळीच्या आधी येथे कुटुंबेच्या कुटुंबे दिसतात. मुलाच्या मोबाईलवर भागांची यादी असते, बाबांच्या खिशात वर्षभर साठवलेले पैसे असतात आणि आईच्या मनात अभ्यासाची काळजी असते. काउंटरवर असा संवाद नेहमी ऐकू येतो :

''बाबा, कार्ड थोडं मोठं घेऊ या ना!''

''साहेब, कार्ड पैसे द्याल तेवढं मोठं मिळेल. पण घरी मॉनिटर कुठला आहे?''

दुकानदाराचा हा प्रश्न मोलाचा असतो. खेळातील चित्रे रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते आणि संगणकातला सर्वांत महागडा भाग बहुधा तोच असतो. पण घरचा जुना मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा असेल, तर दीडशे चित्रे काढणाऱ्या कार्डाचे अर्धेअधिक कष्ट वाया जातात. म्हणून जाणकार आधी पडदा ठरवतात, मग कार्ड, मग त्याला साजेसा प्रोसेसर. गेमिंगच्या संगणकात एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक कार्डावर जावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

टेबलावरचा तास

भाग ठरले की दुकानाच्या आतल्या टेबलावर जुळणी सुरू होते. ती पाहण्यासारखी असते. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला जातो. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा. इथे जोर लावला की संपले! आजच्या बहुतेक बोर्डांत केसासारख्या पिना सॉकेटमध्येच असतात. त्या वाकल्या तर बोर्डाची वॉरंटी गेली म्हणून समजावे. मग रॅमच्या पट्ट्या 'टक्' आवाज होईपर्यंत दाबायच्या, प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावायची, त्यावर पंखा बसवायचा. सराईत कारागीर तासाभरात हे उरकतो. घरी पहिल्यांदाच करणाऱ्याची दुपार जाते. वायरी जोडून कळ दाबली आणि पडद्यावर पहिली अक्षरे उमटली, की मुलाचा चेहरा पाहावा!

तयार की जुळवलेला?

'जुळवलेला संगणक स्वस्त पडतो' हे वाक्य या रस्त्यावर सतत कानी येते. ते बऱ्याचदा खरे असते, नेहमी नाही. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा आणि आभासी चलनाचा हव्यास यांमुळे ग्राफिक्स कार्डे छापील किमतीत मिळेनाशी झाली होती. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव भडकले. अशा वेळी मोठ्या कंपनीने आधीच्या भावात बनवून ठेवलेला तयार संगणक कधी कधी स्वस्त पडतो. म्हणून त्याच दिवशी दोन्हींचे भाव कागदावर शेजारी शेजारी मांडावेत.

तयार संगणक घेताना मात्र आत काय आहे ते विचारावे. जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड ठळक अक्षरांत असतात. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे इथल्या भाषेत एसएमपीएस, कोणता हे सहसा लिहिलेले नसते. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल, तर दोन पट्ट्यांच्या मानाने वेग कमी मिळतो. काही तयार यंत्रांत बोर्ड आणि डबा कंपनीच्या खास मापाचा असतो; चार वर्षांनी मोठे कार्ड घालायचे म्हटले तर अडते. जुळवलेल्या यंत्रात भाग एकेक करून बदलता येतो.

खरा प्रश्न बिघाडाच्या दिवशी

तरीही किंमत आणि वेग हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे कळते ते यंत्र बंद पडते त्या दिवशी. तयार संगणकाला बहुधा एक वर्षाची आणि जादा पैसे भरल्यास तीन वर्षांची वॉरंटी असते. पण ती सगळ्या यंत्राची असते आणि तक्रार एकाच ठिकाणी करायची असते. काही कंपन्यांचा माणूस घरी येतो.

जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि बऱ्याचदा अधिक लांब असते. प्रोसेसर व कार्डाला साधारण तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा. पण बिघडले काय, हे आधी आपल्याला कळायला हवे. पडदा काळा पडला, तर दोष कार्डाचा, रॅमचा की बोर्डाचा? मुंबई-ठाण्याचा ग्राहक कॅबिनेट उचलून पुन्हा दुकानात आणू शकतो. अकोला किंवा रत्नागिरीच्या ग्राहकाला भाग सोडवून सर्व्हिस सेंटरकडे कुरियरने पाठवावा लागतो आणि तोवर थांबावे लागते. त्यात मुलाची परीक्षा किंवा कॉलेजचा प्रकल्प आला, तर वाचवलेल्या पैशांचा आनंद ओसरतो.

लॅमिंग्टन रोडने यावर काढलेला तोडगा म्हणजे मधली वाट : भाग ग्राहकाने निवडायचे, जुळणी आणि चाचणी दुकानाने करायची. बिघाड झाला तर पहिला फोन त्याच दुकानाला. मात्र हा आधार दुकानाच्या शब्दावर असतो. म्हणून दहा-पाच रुपयांसाठी प्रत्येक भाग वेगळ्या दुकानातून घेऊ नये.

फसगत टाळण्यासाठी

प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेले जीएसटीचे बिल घ्यावे आणि तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा. भाग भारतातल्या अधिकृत वितरकाचा आहे ना, हे विचारावे; चोरवाटेने आलेल्या मालाला इथली वॉरंटी मिळत नाही. फार स्वस्त जुने कार्ड दिसले तर सावध व्हावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, तेव्हा रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. काटकसर करायची तर रंगीत दिव्यांत करावी, एसएमपीएसमध्ये नाही; हलका डबा स्वतः जळताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो. विंडोजच्या अधिकृत प्रतीचा खर्च आधीच हिशोबात धरावा.

जाण्यापूर्वी

ग्रँट रोडला धिम्या लोकल थांबतात; २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे स्थानकही सुरू झाले आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि इतर दिवशी अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही. मुंबईबाहेरच्या वाचकांनीही निराश होऊ नये. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याचा चांदनी चौक आणि सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर ही याच पेठेची भावंडे आहेत.

निघण्यापूर्वी घरात एक गोष्ट मात्र ठरवावी : उद्या यंत्र अडले, तर पेचकस हातात घेऊन कॅबिनेट उघडणारे आपल्याकडे कोण आहे? मुलगा किंवा मुलगी ती जबाबदारी उत्साहाने घेणार असेल, तर जुळवलेल्या संगणकाबरोबर त्यांना एक विद्याही मिळेल. तसे कोणी नसेल आणि जवळपास भरवशाचे दुकानही नसेल, तर तयार संगणकाचे चार पैसे जादा मोजण्यात कमीपणा नाही.