युवराजाची आई

पवनारला माणसं येतात ती विनोबांसाठी. धाम नदीचं पात्र, गांधीजींची छत्री, काठावरचा आश्रम एवढं पाहिलं की गाड्या सेवाग्रामकडे वळतात. पंधराशे वर्षांपूर्वी इथे एक राजघराणं नांदत होतं, त्याची विचारपूस क्वचितच होते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने वसवलेलं प्रवरपूर ते हेच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. पुढे काहींनी रामटेकजवळच्या मनसरच्या पारड्यात वजन टाकलं. तो वाद जाणकारांनी निस्तरावा. मला ओढ आहे ती या राजाच्या आईची.

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. आई कुबेरनागा, नागकुळातली. लग्न होऊन ती विदर्भात आली आणि नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. पदरात लहान मुलं. कारभार तिनेच हाती घेतला. त्या कारभाराच्या १३व्या वर्षीचा तिचा ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे सापडला. तांबटाच्या घरी राहून तो वितळला नाही, हे आपलं नशीबच! त्यात ती युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून बोलते, पण वंशावळ सांगते ती माहेरची. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त आणि मग आपण. गोत्रही ‘धारण’, म्हणजे वडिलांचं. वाकाटकांचं विष्णुवृद्ध नव्हे. आज एखाद्या सुनेने असं काही लिहायचं म्हटलं तरी भावकीची बैठक बसेल.

दिवाकरसेन पुढे कुठेच भेटत नाही. प्रवरसेनाच्या १९व्या राज्यवर्षातल्या रिद्धपूरच्या ताम्रपटात ती दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई आहे. थोरल्या दिवाकरसेनाचं काय झालं, ते तांब्यावर कोरलेलं नाही.

प्रवरसेन मात्र व्यवहाराला पक्का निघाला. प्रवरपुराहून दिलेल्या चम्मकच्या ताम्रपटात त्याने हजार ब्राह्मणांना गाव दान दिलं आणि वर अटी घातल्या: राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी नाही, इतर गावांशी भांडण नाही. मोडलं तर गाव परत. दानातही एवढी सावध लेखणी! आईच्या हाताखाली राज्य पाहत वाढलेला मुलगा, दुसरं काय.

आश्रमाच्या जमिनीत खोदताना विनोबांना जुन्या मूर्ती सापडल्या. त्यांतली एक रामभरताच्या भेटीची म्हणून ओळखली जाते. थोरला भाऊ दिसेनासा होऊन धाकटा गादीवर बसलेल्या घराण्याच्या गावात नेमका हाच प्रसंग निघावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं. प्रवरसेन स्वतःला परममाहेश्वर म्हणवत असे, शिवाचा भक्त. तरी त्याच्या नावावरचं ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य आहे रामाचं. विष्णुभक्त होती ती आई. रिद्धपूरचं दान तिने रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायांपाशी बसून दिलं आहे. मुलाने देव बदलला, पण लिहायला घेतलं तेव्हा आईचाच राम हाताशी आला, असं आपलं मला वाटतं.