घे ना बे!

नागपुरात खर्रा एकटा विकत घेतो, पण खातात चौघं. टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात. पुडी उघडली की आधी दोस्तापुढे धरायची, ही इथली रीत. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो. आणि दोस्तानं पुढे केलेला हात मागे सारणं चौदाव्या वर्षी फार जड जातं.

मी आयटीत आहे. महिन्यातले दोन शनिवार एका शाळेत नववीच्या पोरांशी व्यसनांबद्दल बोलतो. कॅन्सरचे फोटो दाखवायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. ते फोटो पोरं तंबाखूच्या पाकिटांवर रोजच बघतात.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाय. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन ड्रग्जचे धोके सांगायचे. कार्यक्रम देशभर पसरला, पण पुढच्या अभ्यासांत दिसलं की मुलांच्या व्यसनात त्यानं फारसा फरक पडत नव्हता. गिल्बर्ट बॉटविन यांच्या ‘लाइफ स्किल्स’ कार्यक्रमात मात्र माहितीसोबत नकार देण्याची तालीमही असते. मी तेच उचललं.

एकजण कागदाची पुडी पुढे करतो, “घे ना बे, भाव नको खाऊ.” दुसऱ्यानं नाही म्हणायचं, पण दोस्ती टिकवून. पहिल्यांदा सगळे नुसतेच हसले. मग उत्तरं यायला लागली. “मॅच आहे, तोंड भरून बॉलिंग जमत नाही.” “आई वास घेते बे.” एकानं विचारलं, “दादा, कारण न सांगता नुसतं ‘नको’ म्हटलं तर?” त्याला तसंच करून बघायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज स्थिर झाला.

त्याच तासाला सुपारीबद्दलही सांगितलं. तंबाखू नसली तरी सुपारीनं कॅन्सर होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय. सुपारीनं तोंडाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. तोंडात तीन बोटं उभी घालून बघा, म्हटलं. वर्गात हशा पिकला. सगळ्यांची बोटं गेली.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, “पप्पांची दोनच जातात. अन् खर्रा आणायला मलाच पाठवतात. त्यांना नाही कसं म्हणायचं?”

याची तालीम माझ्याकडे नव्हती. पप्पांना दंत महाविद्यालयात दाखवा, एवढं सांगितलं. आणि सांगितलं की अठराच्या आतल्या मुलांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आतही विकता येत नाही.

पुढच्या वेळी तिनं वर्गात हात वर केला. “मी म्हटलं, टपरीवाले काका अठराच्या आत देत नाहीत.”

“खरंच देत नाहीत?”

“देतात. पण पप्पांना काय माहीत! ते स्वतः गेले मग.”

वडिलांनी खर्रा खाल्लाच असणार. मागच्या बाकावरच्या दोघींनी मात्र वह्या उघडल्या. “दादा, त्या कायद्याचं नाव काय?”

मी फळ्यावर लिहिलं: कोटपा, २००३.