सार्सेल : दुसऱ्यांच्या तोंडी असलेले गाव

एम.ए.च्या वर्गात आम्ही 'ग्रामीण' आणि 'महानगरीय' अशी दोन दालने करून साहित्य शिकवतो. दोन्हींच्या मध्ये राहणारा विद्यार्थी कोणत्या दालनात बसतो, हा प्रश्न त्यामुळे सहसा उपस्थितच होत नाही. पॅरिसच्या उत्तरेस सुमारे 15 किलोमीटरवर असलेल्या सार्सेल ह्या गावाचा इतिहास वाचताना आम्हांस तो प्रश्न टाळता आला नाही.

उपनगराला फ्रेंचमध्ये 'बाँल्यो' म्हणतात. 'बाँ' म्हणजे सत्तेचा हुकूम आणि 'ल्यो' म्हणजे कोस. नगराबाहेरच्या ज्या कोसभर टापूत नगराचा हुकूम चालत असे, तो बाँल्यो. आपला 'उपनगर' हा शब्द केवळ जवळीक सांगतो. फ्रेंच शब्दात मात्र सत्तेचे नाते मुळातच आहे.

सार्सेल हे जुने गाव. शेती, भाजीपाला आणि मध्ययुगात उभारणी सुरू झालेले चर्च ही त्याची ओळख. साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव अठराव्या शतकातच आले. 1730च्या दशकात निकोला झ्वँ ह्या जान्सेनपंथी लेखकाने पॅरिसच्या आर्चबिशपला उद्देशून उपहासात्मक पद्ये रचली आणि ती सार्सेलच्या शेतकऱ्यांच्या तोंडी, त्यांच्या बोलीचे अनुकरण करून घातली. पुढे ही पद्ये 'सार्सेलाद' ह्या नावाने ओळखली गेली. झ्वँ स्वतः ह्या गावचा शेतकरी नव्हता. धर्मसत्तेला टोचून बोलण्यासाठी त्याला भोळ्या खेडुताचा मुखवटा हवा होता, आणि त्यासाठी सार्सेल त्याच्या उपयोगी पडले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात येथील शेतांचे तुकडे पडून छोटी घरे होऊ लागली. खरे स्थित्यंतर 1955 नंतरचे. युद्धोत्तर फ्रान्समध्ये घरांची टंचाई भीषण होती. 1954 साली दर 10 घरांपैकी जेमतेम 1 घरात स्नानाची स्वतंत्र सोय होती. त्याच वर्षीच्या कडाक्याच्या थंडीत आबे पिएर ह्या धर्मगुरूने बेघरांसाठी रेडिओवरून केलेले आवाहन देशभर गाजले. ह्या पार्श्वभूमीवर सार्सेलच्या लोशेर भागातील शेतजमिनीवर सरळ रेषांत मांडलेल्या इमारतींची विशाल वसाहत उभी राहिली. झाक-आन्री लाबुर्देत हा तिचा एक प्रमुख वास्तुकार. 1954 साली सुमारे 8 हजार असलेली लोकसंख्या 1968 पर्यंत 50 हजारांवर गेली. 1962 नंतर अल्जीरियातून आलेली फ्रेंच व ज्यू कुटुंबे येथे स्थिरावली. पुढे कॅरिबियन बेटांतून आणि तुर्कस्तानातूनही माणसे आली.

घरात न्हाणीघर आले, ऊब आली. पण दुकाने, शाळा आणि करमणुकीची ठिकाणे मागाहून आली. पुरुष पॅरिसला कामावर जात, स्त्रिया दिवसभर घरी एकट्या राहत. वृत्तपत्रांनी ह्या उदासीनतेला रोगाचे नाव दिले : 'सार्सेलित'. गावाच्या नावाला रोगाचा प्रत्यय लागला.

साहित्य-चित्रपटांनीही सार्सेलची दखल ह्याच काळात घेतली. क्रिस्तियान रोशफोर हिच्या 1961च्या 'शतकाची छोटी मुले' ह्या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीतील कामगारवस्तीतली झोझियान सार्सेल पाहून दिपून जाते. तिच्या ह्या दिपण्यातच लेखिकेचा उपरोध आहे. आन्री वेर्नोयच्या 1963च्या चित्रपटात तुरुंगातून सुटलेला झाँ गाबँ आपल्या घराच्या शोधात सार्सेलला येतो, तेव्हा ते छोटेसे घर त्याला उंच इमारतींच्या गराड्यात सापडते.

ह्या साऱ्यांत एक साम्य आम्हांस जाणवते. झ्वँने सार्सेलला बोली दिली, पत्रकारांनी रोग दिला, कादंबरीने उपरोध दिला. प्रत्येक वेळी बोलणारा बाहेरचा होता. येथील भाडेकरूंनी संघटना बांधून भाड्यासाठी व सोयींसाठी भांडण केले. ते मात्र एखाद्या शब्दाइतके प्रसिद्ध झाले नाही. आणि जी पिढी ह्याच जिन्यांवर वाढली, तिच्यासाठी ही वसाहत रोग नव्हती, ते तिचे गावच होते. पॉल व्हॅलेरी हे नाव तिला कवितेच्या आधी रस्त्याच्या पाटीवर भेटले असेल. जुने गावठाणही पुसले गेलेले नाही. वसाहतीच्या बाजूला ते आजही आहे, आणि त्याला 'व्हिलाज', म्हणजे 'गाव', असेच म्हणतात.

'आम्हांला गावच नाही' असे आमचे काही विद्यार्थी सहज म्हणतात. ते इमारतींच्या वसाहतींत जन्मले. सुटीत जावे असे घर त्यांना कोकणात वा देशावर नाही. त्यांच्या वसाहतीला आत्मा नसल्याचा निर्वाळा आम्ही समीक्षक फार लवकर देतो. 'निरात्म' हे विशेषण लिहिण्यापूर्वी त्या वसाहतीतील कोणी काय लिहिले आहे, हे आधी वाचावे, आणि कोणी लिहिले नसेल तर समोर बसलेल्या विद्यार्थ्यास लिहावयास सांगावे, असे आम्हांस वाटते.