गेल गावचे पाहुणे

बेल्जममधील अँटवर्प शहराहून आगगाडीने पूर्वेस निघाले म्हणजे केंपनच्या रेताड, सपाट प्रदेशात गेल हे गाव लागते. तेथील लोक त्याचा उच्चार घशातून ‘खेल’ असा काहीसा करतात. आयर्लंडची राजकन्या संत डिम्फ्ना हिने सातव्या शतकात, मनाचा तोल सुटलेल्या स्वतःच्या पित्याच्या हातून येथेच मरण पत्करले, अशी परंपरा आहे. तिच्या नावाचे मंदिर १४ व्या शतकात उभे राहू लागले. मनाने वा बुद्धीने दुर्बळ अशा आपल्या माणसांना घेऊन दूरदूरचे यात्रेकरू तेथे येत. मंदिरालगतची जागा अपुरी पडली, तेव्हा गावकऱ्यांनी त्या दुर्बळांना आपल्या घरी ठेवून घेतले. आणि वाचकहो, त्यांतील कित्येक पाहुणे परत गेलेच नाहीत! १९३८ साली त्यांची संख्या ३,७०० च्या वर होती. आज ती फार थोडी उरली आहे, तरी प्रथा चालू आहे. २०२३ साली युनेस्कोनेही तिची नोंद घेतली.

मंदिरात प्रार्थना झाली, परंतु माझे मन रमले ते तेथील घरांच्या रीतीत. पाहुणा कुटुंबाबरोबर एकाच मेजावर जेवतो. शेतीच्या दिवसांत तो गुरे पाही, शेतात राबे, यजमानांची तान्ही मुलेही सांभाळी. घरधन्यास सरकारी साहाय्य मिळते व अडीअडचणीला डॉक्टर असतात. मात्र पाहुण्याला जे करता येते, ते दुसरे कोणी त्याच्यासाठी करीत नाही.

तेथे मला खानापूरकडील आपल्या धर्मग्रामातील एक माऊली आठवली. मुलगा एकोणीस वर्षांचा, बुद्धीची वाढ मंद. न्हाऊ घालणे, भरवणे, कपडे चढवणे, सारे तीच करते, आणि मला विचारते, “फादर, माझ्या माघारी ह्याला कोण बघणार?”

परत आल्यावर मी तिला जाणकारांची एक युक्ती सांगितली. काम शेवटाकडून शिकवावे. सदऱ्याची सारी बटणे आईने लावावीत, शेवटचे त्याच्यावर सोडावे. ते जमले म्हणजे शेवटची दोन. काम पुरे केल्याचा आनंद असा पहिल्या दिवसापासून त्याचाच होतो. “पण मिस्सेची घंटा होते, फादर!” ती म्हणाली. होऊ दे. ह्या एका कारणासाठी उशीर झाला, तर मी रागावणार नाही.

गेल्या रविवारी मायलेक प्रवचन चालू असताना आत आले. त्याच्या सदऱ्याचे सर्वांत खालचे बटण भलत्याच काजात होते.