चोवीस अंश

माझ्या हातून आजवर अनेक खोटीं विधानें झालीं असतील. परंतु सहीशिक्क्यानिशीं केलेलें असें एकच मला आठवतें. तें मीं गेल्या उन्हाळ्यांत केलें, आणि तेंहि पृथ्वीच्या रक्षणार्थ!

आमच्या महाविद्यालयानें विजेच्या काटकसरीसाठीं एक समिति नेमली. नागपूरच्या मे महिन्यांत असल्या समितीचें अध्यक्षपद स्वीकारण्यास कोणीच तयार नव्हतें, म्हणून वयाच्या मानानें तें माझ्याकडे चालून आलें. मी इंग्रजी साहित्य शिकवितों. विजेचा आणि माझा संबंध बिल भरण्यापुरताच. तरीहि नव्या अध्यक्षाच्या उत्साहानें मीं या विषयावरचे कायदे वाचावयास घेतले.

वाचतां वाचतां पहिली गोष्ट कळली ती अशी, कीं हवामानबदलाला आळा घालणारा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्या देशांत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंच २०२४ सालीं माळढोक पक्ष्याच्या खटल्यांत नमूद केलें आहे. त्याच निकालांत, या बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून निघतो, असेंहि न्यायमूर्तींनीं म्हटलें. म्हणजे हक्क अखंड आहे. तो बजावणारे कायदे मात्र तुकड्यातुकड्यांचे. त्यांतील एक महत्त्वाचा तुकडा म्हणजे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा. त्याच्या आधारें २००२ सालीं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. आपल्या घरांतील शीतकपाटावर जे तारे चिकटविलेले दिसतात ते त्याचेच. २०२२ सालीं हा कायदा सुधारून त्यांत कारखान्यांसाठीं कार्बनच्या पतपत्रांच्या व्यापाराची तरतूद झाली.

विलायतेंतील गोष्ट निराळी. तेथील पार्लमेंटनें २००८ सालींच हवामानबदलाचा स्वतंत्र कायदा केला, आणि २०५० सालचें उद्दिष्ट गांठण्याची जबाबदारी मंत्र्याच्या शिरावर नांव घेऊन टाकली. त्याचा परिणाम असा, कीं सरकारी योजना अपुरी दिसतांच लोक कोर्टांत गेले, आणि २०२२ व २०२४ अशीं दोन वेळां सरकारला तेथें हार खावी लागली. वाचून मला मौज वाटली. कर्तव्य कोणाचें हें एकदां लिहून ठेवलें, म्हणजे कानाला कोणाच्या धरावयाचें हें तरी ठरतें!

आपल्या ब्यूरोनें मात्र हें काम बऱ्याच अंशीं यंत्रांकडून करवून घ्यावयाचें ठरविलेलें दिसतें. १ जानेवारी २०२० पासून खोली थंड करणारें प्रत्येक तारांकित यंत्र सुरू करतांच २४ अंशांवर उभें राहिलें पाहिजे, असा नियम झाला. एक अंश वर चढविला तर सुमारें ६ टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब. पुढें अंक खालीं आणावयाचा कीं नाहीं, तें मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलें आहे. कायदा दारापर्यंत पोंचवून देतो. आंत जावयाचें तें आपल्याच पायांनीं.

माझ्या खोलींतील यंत्रहि असेंच सुशील होतें. रोज सकाळीं तें २४ म्हणे आणि रोज सकाळीं मी त्याला १८ वर आणून बसवीं. मग दुपारीं अंगावर शाल घेऊन मी कायद्यांचें वाचन करीत असें. बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडीत असे, आणि गांवाबाहेर कोराडीच्या चिमण्या कोळसा जाळून माझी शाल सार्थकीं लावीत असत.

अहवालाच्या छापील नमुन्यांत एक प्रश्न होता : ‘सर्व यंत्रें २४ अंशांवर चालविलीं जातात काय?’ मीं ‘होय’ लिहिलें आणि सही केली. यंत्र रोज २४ वर सुरू होत होतें हें खरेंच होतें, अशी माझ्या मनानें माझी समजूतहि घातली. साहित्याचा अध्यापक शब्दांत पळवाट शोधूं लागला तर त्याला वकिलाची गरज पडत नाहीं.

तो कागद कार्यालयांत नेऊन देण्यासाठीं मीं आमच्या विभागाच्या शिपायांना हांक मारली. ते आले ते घामानें निथळत. मीं सहज म्हटलें, “भाऊ, सावलींत बसत जा ना.”

“सावलींतच बसतो, सर. पण तुमचा हिवाळा बाहेर आला कां उन्हाळा होऊन जाते.”

मी उठून व्हरांड्यांत गेलों. माझ्या यंत्राचा बाहेरचा अर्धा भाग त्यांच्या स्टुलाच्या अगदीं डोक्याशीं बसविलेला होता आणि त्यांतून भट्टीसारखा झोत त्यांच्या मानेवर पडत होता. चार वर्षें मी त्या दारानें ये-जा करीत होतों. त्यांचें घर पत्र्याचें आहे हेंहि मला ठाऊक होतें. म्हणजे रात्रीं पत्रा आणि दिवसा मी! कलम २१ मला भाषांतरासह पाठ होतें. परंतु तें माझ्या भिंतीपलीकडे स्टुलावर बसलें आहे, हें मला कळलें नव्हतें.

मीं कागद परत घेतला आणि प्राचार्यांकडे जाऊन ‘होय’चें ‘नाहीं’ करण्याची परवानगी मागितली. ते कावलेच. म्हणाले, “अहो, कागदावरचा शब्द बदलण्यापेक्षां यंत्रावरचा अंक बदला ना!”

त्यांना केवळ कटकट मिटवावयाची होती. पण अंमलबजावणीची याहून नेटकी व्याख्या मला कोणत्याहि अधिनियमांत आढळली नव्हती. मीं दोन्ही केलें. अहवालांत ‘नाहीं’ गेलें, त्यामुळें समितीचे गुण कमी झाले आणि कांहीं सहकारी माझ्यावर रुष्ट झाले. यंत्र २६ वर आणून सोबत पंखा लावला. पहिले दोन दिवस मी चिडचिडा झालों, तिसऱ्या दिवशीं शाल घरीं ठेवून आलों.

परंतु २६ अंशांनीं सारें सुटलें असें म्हणणें हें दुसरें खोटें विधान होईल. झोत कमी झाला, थांबला नाहीं. यंत्राचा बाहेरचा भाग मागच्या भिंतीवर हलवावा असा अर्ज मीं केला आहे. तो तीन महिन्यांपासून टेबलांवरून प्रवास करीत आहे. स्टूल कोठें असावें याविषयीं नियमांत एक अक्षर नाहीं. म्हणून तोंवर तें मीं माझ्या खोलींत, दाराच्या आंत घेतलें.

परवां दुपारीं संवयीनें माझा हात रिमोटकडे गेला. तो जागेवर नव्हता. पाहतों तों शिपाईभाऊंनीं तो आपल्या सदऱ्याच्या खिशांत ठेवलेला.

“असूं द्या, सर,” ते म्हणाले, “तुमच्याजवळ राहिला कां अंक घसरते.”

विलायतेच्या कायद्यानें मंत्र्याला जें नेमून दिलें, तें आमच्या विभागांत कोणाकडे असावें, याचा निर्णय त्या क्षणीं झाला. मीं त्यावर अपील केलेलें नाहीं.