सावली गेली कुठं?

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस होते. पाचवीतल्या एका मुलीची आई सकाळीच शाळेच्या दारात उभी. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जाते. म्हणाली, "बाई, फोटूत मागं काळं आलंय म्हणत्यात. परत काढायचा तर माझा खाडा पडतो." फोटो पाहिला. मुलगी छान आली होती, पण कानामागे पांढऱ्या पडद्यावर डोक्याची दाट सावली. "उद्या शाळेतच काढू," मी बोलून गेले. पोरीचा फॉर्म अडला असताना दुसरं काय म्हणणार?

खरं तर मला त्यातलं काही येत नव्हतं. डी.एड.ला सावलीचा पाठ मेणबत्ती आणि चेंडू घेऊन दिला होता, गुणही चांगले मिळाले होते. पण तो पाठ कधी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं! संध्याकाळी विश्रामबागेतल्या ओळखीच्या फोटोग्राफर दादांना गाठलं. ते हसले. "मॅडम, पोरांना पडद्याला चिकटवून उभं करता नि समोरून फ्लॅश मारता. सावली जाईल कुठं?" मुलाला पडद्यापासून चार-पाच फूट पुढे घ्यायचं. उजेड जरा बाजूने आणि वरून द्यायचा, म्हणजे सावली फोटोच्या चौकटीबाहेर पडते. आणि पडद्याला त्याचे स्वतःचे दोन दिवे, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर.

पडद्याला वेगळे दिवे कशाला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. फ्लॅश बंद केला. खिडकीला आजोबांचं जुनं धोतर बांधलं, त्यामुळे ऊन मऊ झालं. सावलीची कड विरघळली, म्हणजे आपल्या पुस्तकातली उपच्छाया वाढली. मुलीला पुढे उभं केलं. सावली गेली, पण मागची पांढरी चादर राखाडी दिसायला लागली! उजेडापासून लांब गेलं की तो झपाट्याने कमी होतो. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं तर चौथा हिस्साच उरतो. चादरीला तिच्या वाटचा उजेड द्यायलाच हवा होता. दोन एलईडी बल्ब लावले तर एक पिवळट, एक पांढरा. अर्धी चादर हळदीची! शिपाईमामांनी ऑफिसातला बल्ब काढून आणला, तेव्हा जमलं. खिडकीच्या उलट बाजूचा गाल काळा येत होता, तिथे एका मुलाने पांढरा कार्डशीट धरला.

सगळा वर्ग भोवती. एकाने विचारलं, "बाई, सावली गेली कुठं?" मग शोधाशोध. ती फरशीवर, बाकाच्या पायापाशी सापडली, फिकट आणि लांबुडकी. सहावीत 'प्रकाश व छायानिर्मिती' शिकायच्या आधीच पोरांनी तिच्यावर पाय ठेवून बघितला.

फोटो चालला, फॉर्म गेला. संध्याकाळी आई कामावरून थेट शाळेत आली. मोबाईलवर फोटो बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, ह्यो मोठा करून मिळंल का? घरात लावते."