चेंडू परत का द्यायचा?

आमच्यातला एक जण शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेला आणि त्याने आम्हाला तिकडच्या कॉलेज फुटबॉलचा नाद लावला. तिकडे शनिवारी रात्री सामना असतो तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते. अभ्यासिकेत आम्ही पाच-सहा जण एका मोबाईलभोवती डोकी घालून बसतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचे, फेकायचे आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याला. म्हणून तीन प्रयत्न फसले की बहुतेक संघ चौथ्याला चेंडू लांब लाथाडून देतात. त्याला पंट म्हणतात.

काही रविवारांनंतर आम्हाला एक गोष्ट सारखी दिसू लागली. छोट्या कॉलेजचा संघ बलाढ्य संघापुढे तीन तास छातीठोक खेळतो आणि शेवटची पाच मिनिटे उरली की चार गुणांनी पुढे असतो. इथे प्रशिक्षकाच्या पोटात गोळा येतो. आता सांभाळून! चेंडू घेऊन तीनदा गर्दीत घुसायचे, चार-पाच यार्ड कमवायचे आणि चौथ्याला पंट. म्हणजे ज्याच्याकडे जास्त ताकद, जास्त पैसा, जास्त राखीव खेळाडू, त्याच्याच हाती आपण होऊन चेंडू द्यायचा. तो येतो, गुण करतो, जिंकतो. दुसऱ्या दिवशी छापून येते, छोट्या संघाने कडवी झुंज दिली. हे वाक्य आम्हाला ओळखीचे आहे. दर निवडणुकीच्या निकालानंतर ते आपल्याही वाट्याला येते.

वेळ काढणे मुळात चूक नाही. सामना जितका छोटा, तितकी बलाढ्य संघाला आपली ताकद दाखवायची संधी कमी. २०१८ मध्ये आर्मीचा संघ ओक्लाहोमाविरुद्ध साठपैकी जवळजवळ ४५ मिनिटे चेंडू धरून बसला. निर्धारित वेळेत २१-२१ अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत ते २८-२१ असे हरले. पण त्यांनी वेळ काढला तो चेंडू स्वतःकडे ठेवून. परत देऊन नव्हे. हा फरक आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि 'सबुरी' हा शब्द वापरणारे नेमका तोच झाकतात.

मग ही सांभाळून खेळायची रीत मूळची कुणाची? १९ नोव्हेंबर १९६६ चा सामना पाहा. पहिल्या क्रमांकावरचा नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकावरचा मिशिगन स्टेट. मिशिगन स्टेटच्या संघात बब्बा स्मिथ, जॉर्ज वेब्स्टर, क्वार्टरबॅक जिमी रे असे कितीतरी कृष्णवर्णीय खेळाडू होते. ते दक्षिणेतून आले होते, कारण तिथल्या मोठ्या गोऱ्या विद्यापीठांचे संघ त्यांना घेतच नव्हते. नोत्र दामकडे एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता, अ‍ॅलन पेज. (हेच पेज पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले.) १०-१० अशी बरोबरी, शेवटचे मिनिटभर उरलेले, चेंडू नोत्र दामकडे. त्यांचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी जिंकायचा प्रयत्न केला नाही, घड्याळ संपू दिले. पहिला क्रमांक शाबूत राहिला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनाच मिळाले. त्यांच्या बाजूने पाहिले तर हिशेब बरोबर होता, कारण त्यांच्याकडे राखण्यासारखे काहीतरी होते. ज्याच्याकडे राखायला काही नाही, तो प्रस्थापिताची ही चाल का गिरवतो, हा आमचा प्रश्न आहे.

याच्या उलट टोक म्हणजे १ जानेवारी २००७ चा फिएस्टा बोल. आयडाहोचे बॉयझी स्टेट विरुद्ध पुन्हा ओक्लाहोमा. बॉयझी २८-१० असे पुढे होते. ओक्लाहोमाने बरोबरी गाठली आणि मिनिटभर उरले असताना बॉयझीने फेकलेला चेंडू अडवून ३५-२८ अशी आघाडी घेतली. म्हणजे धाडस अंगलटही आले होते, हे लपवायचे कारण नाही. पण पुढे १८ सेकंद उरले असताना, चौथ्या प्रयत्नात, अठरा यार्ड हवे असताना त्यांनी हातोहात चेंडू देण्याची फसवी चाल खेळून बरोबरी केली. जादा वेळेत ओक्लाहोमाने आधी गुण केले. बॉयझीने पुन्हा चौथ्याच प्रयत्नात उत्तर दिले, ४२-४१. आता लाथ मारून एक गुण घेतला की बरोबरी आणि आणखी एक फेरी. क्रिस पीटरसन यांनी ओळखले की जितक्या फेऱ्या वाढतील तितका बलाढ्याचा फायदा. ते दोन गुणांसाठी गेले. क्वार्टरबॅकने फेकल्याचे नाटक केले, पाठीमागून चेंडू इयान जॉन्सनच्या हाती दिला. ४३-४२.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. त्या विद्यापीठाने १९०५ च्या हंगामानंतर फुटबॉल बंदच केला होता, तो १९१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. बाबासाहेबांनी एखादा सामना पाहिला का, कोण जाणे. त्यांचा वेळ ग्रंथालयात जात होता. पण याच कोलंबियाने १ जानेवारी १९३४ ला रोज बोलमध्ये बलाढ्य स्टॅनफर्डला ७-० असे हरवले. एक फसवी चाल, एक टचडाउन आणि मग उरलेला सामना नुसते अडवणे. म्हणजे बचावानेही कधी जिंकता येते. आमचा सिद्धांत इथे थोडा लंगडतो, लंगडू दे.

आणखी एका बाबतीत आम्ही आपसात भांडलो. पंट करणाऱ्याला भेकड म्हणणे सोपे आहे. पण धोका सगळ्यांना सारख्या भावात मिळत नाही. दक्षिणेतल्या एसईसी या मातब्बर गटाला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, सिल्व्हेस्टर क्रूम, मिळाला तो २००३ च्या डिसेंबरात. गोऱ्या प्रशिक्षकाचा डाव फसला तर तो धाडसी ठरतो, दुसरीकडे नोकरीही मिळते. क्रूमसारख्याचा फसला तर त्याच्या मागच्या सगळ्यांची दारे बंद होतात. पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस जपून पाऊल टाकतो, ते याच हिशेबाने.

हा हिशेब आम्ही स्वतः केलेला आहे. काही वर्षांपूर्वी रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही एका कार्यालयासमोर ठिय्या दिला होता. सातव्या दिवशी साहेब बाहेर आले. हातात लेखी आश्वासन आणि तोंडी निरोप, उद्यापासून गुन्हे दाखल होतील. कार्यालय तोवर पुरते अडचणीत आले होते, चेंडू आमच्या हातात होता. आम्ही कागद घेतला आणि उठलो. पैसे पुढच्या वर्षी आले, तोवर आमच्यातल्या दोघांचे कॉलेज सुटले होते.

पण त्या दिवशी गुन्हा दाखल झाला असता तर आज रविवारी अमेरिकेतून फोन करणाऱ्या आमच्या मित्राचा पासपोर्ट पोलिस पडताळणीतच अडकला असता. मागच्या आठवड्यात आम्ही त्याला विचारले, तेव्हा उठायला नको होते का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मला कशाला विचारता, त्या दोघांना विचारा.

त्या दोघांपैकी एक जण आता टेम्पो चालवतो. दर रविवारी तो आमच्यातच बसून सामना बघतो आणि पंट झाला की सगळ्यात मोठ्याने शिवी त्याचीच असते. त्याला आम्ही अजून विचारलेले नाही.